त्याला ‘नक्षली’ म्हणण्याआधी

नागपूरहून गडचिरोलीला जाणारी एसटी उमरेडनंतर भिवापूरला थांबते. पुढे नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी आणि मग गडचिरोली. सुट्ट्या संपल्या की उलट्या दिशेच्या गाडीत पाठीवर बॅग आणि पायाशी तांदळाची पिशवी घेतलेली पोरं-पोरी दिसतात. नागपूरच्या कॉलेजात, होस्टेलात परत निघालेली. आपण भिवापूरला चढतो, त्यांच्या शेजारी बसतो, कानात इअरफोन घालतो आणि मोबाइलवर गाझाची रील बघतो. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेलं लेकरू, धुळीने पांढरे झालेले केस, रिकामं भांडं घेऊन रांगेत उभी असलेली मुलगी. आपण रडका इमोजी टाकतो, स्टेटस ठेवतो. बंदुकीच्या सावलीत वाढलेलं मूल त्याच वेळी शेजारच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपलेलं असू शकतं, हे मात्र डोक्यात येत नाही.

गाझासाठी वाईट वाटू नये, असं अजिबात म्हणायचं नाही. वाटलंच पाहिजे. युनिसेफने २०२४ च्या अखेरीस सांगितलं की जगातली ४७ कोटी ३० लाखांहून जास्त मुलं सशस्त्र संघर्षाच्या भागात राहतात. म्हणजे दर सहा मुलांमागे एकाहून जास्त. त्याच वर्षात मुलांवरच्या गंभीर अत्याचाराच्या ४१ हजार ३७० घटनांची संयुक्त राष्ट्रांनी खातरजमा केली. मुलांना मारणं किंवा जायबंदी करणं, त्यांच्या हाती शस्त्र देणं, लैंगिक अत्याचार, अपहरण, शाळा आणि दवाखान्यांवर हल्ले, मदत अडवणं, असे त्याचे सहा प्रकार आहेत. ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सगळ्यात मोठा आकडा होता.

पण आकडा दूरचा असला की आपली जबाबदारीही दूरची होते. लाइक केलं, संपलं. म्हणून आज जवळच्या मुलांबद्दल बोलू या. आपल्याच रस्त्यावरच्या.

होस्टेलमधलं टोपणनाव

नागपुरात शिकलेल्या कुणालाही विचारा. गडचिरोलीचा पोरगा वर्गात आला की पहिल्या आठवड्यात त्याला नाव पडतं, ‘नक्षली’. कुणी विचारतं, “काय बे, बंदूक आणली का?” कुणी म्हणतं, “याच्याशी पंगा नको घेऊ बाप्पा, दलम घेऊन येईल.” सगळे हसतात. तोही हसतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, असं आपण स्वतःला सांगतो. भिवापूरच्या पोराला ‘मिरची’ म्हणतात, तसंच हे.

तसंच नाही. भिवापूरची मिरची तिखट असते म्हणून कुणाचा बाप रात्री घरातून उचलून नेला जात नाही. ‘नक्षली’ हा शब्द गडचिरोलीत विनोद नाही. तिकडे तो शब्द चिकटला की पोलिसांची चौकशी मागे लागू शकते. आणि ‘पोलिसांचा खबऱ्या’ हा दुसरा शब्द चिकटला, तर सकाळी गावाबाहेर प्रेत सापडू शकतं. या दोन शब्दांच्या मधोमध त्या पोराचं अख्खं बालपण गेलेलं असतं. आणि आपण त्यातलाच एक शब्द त्याला हाक मारायला वापरतो.

दिवसा एक, रात्री दुसरे

१९८० मध्ये आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप स्थापन झाला आणि त्याच काळात त्यांची दलमं गोदावरी-प्राणहिता ओलांडून इकडच्या जंगलात आली. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे संघर्ष जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. १९८० मध्ये जे लेकरू होतं, ते आज आजा किंवा आजी आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांतल्या तीन पिढ्यांनी बंदूक नसलेलं जंगल नीट पाहिलंच नाही.

तिथलं युद्ध टीव्हीवरच्या युद्धासारखं दिसत नाही. विमानं येत नाहीत, इमारती कोसळत नाहीत. दिवसा पोलीस येतात, रात्री ‘आतले लोक’ येतात. दोघंही विचारतात, “कोण आलं होतं?” दोघांनाही उत्तर दिलं तरी धोका आणि न दिलं तरी धोका. घरात आलेल्याला जेवायला घालायचं ही रीत, पण कुणाला भात वाढला यावर जीव अवलंबून. अशा घरातलं मूल बोलायला शिकतं, त्याच्याबरोबर गप्प राहायलाही शिकतं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. कोण कुठे गेलं ते सांगायचं नाही. अनोळखी माणसाने काही विचारलं की “माहीत नाही” म्हणायचं. पुढे हेच मूल कॉलेजात येतं. प्रेझेंटेशनला उभं राहून बोलत नाही, प्रश्न विचारला की मान खाली घालतं, आणि आपण ठरवून टाकतो की याला काही येत नाही.

वर्षाचं कॅलेंडरही वेगळं. जुलैच्या शेवटी नक्षल्यांचा शहीद सप्ताह, डिसेंबरच्या सुरुवातीला पीएलजीए सप्ताह. त्या दिवसांत रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली, लाल कापडाचे बॅनर, पत्रकं. एसटी बंद. एसटी बंद म्हणजे गुरुजी बंद, नर्सताई बंद, रेशनची गाडी बंद. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तसाही तुटतो. पूर आणि बंद दोन्ही मोजले, तर पोराच्या शाळेचे किती दिवस उरत असतील याचा हिशेब करून पाहा.

आणि मग प्रत्यक्ष रक्त. २००९ हे सगळ्यात वाईट वर्ष. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोटाला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. दहा वर्षांनी, २०१९ च्या महाराष्ट्र दिनी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. या प्रत्येक आकड्यामागे घरी वाट पाहणारी मुलं होती. गडचिरोली पोलिसांचं सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं ते मुख्यतः स्थानिक तरुणांना घेऊन. दलममध्ये गेलेलेही त्याच गावांचे, त्याच आडनावांचे. त्यामुळे इथल्या युद्धात समोरासमोर उभे राहिलेले दोघे एकाच शाळेच्या पटावर असू शकत होते. शहीद पोलिसाची मुलगी आणि मारल्या गेलेल्या नक्षल्याचा मुलगा, दोघांची भाषा एकच. दोघांच्या घरी मोहाच्या फुलांचा वास तोच.

मुलांना बाहेर ठेवण्याची काळजी कुणी घेतली नाही. माओवाद्यांनी ‘बाल संघटन’ नावाने लहान मुलं जोडली. निरोप पोहोचवणं, पहारा देणं, गाणी-नाच बसवणं, आणि मग हळूहळू बंदूक. अनेक मुली घरच्या लग्नाच्या बोलणीतून सुटायला गेल्या, अनेक पोरं गणवेशाच्या आकर्षणाने, काही जण भीतीने. एकदा गेलं की परतीचा रस्ता नाही.

एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरजवळ इंद्रावतीच्या काठी आणि लगोलग दुसऱ्या चकमकीत मिळून चाळीस जण मारले गेले. त्या वेळी गट्टेपल्ली या एका गावातले आठ तरुण-तरुणी बेपत्ता झाले. पोलिसांचं म्हणणं होतं की ते नुकतेच दलममध्ये भरती झाले होते. घरच्यांचं म्हणणं होतं की पोरं लग्नाला गेली होती, आणि त्यातली काही अजून अठराचीही नव्हती. कोण खरं, हा वाद इथे सोडवता येणार नाही. पण दोन्ही बाजूंचं म्हणणं शेजारी ठेवून पाहा. पहिलं खरं धरलं, तर कोवळ्या पोरांना काही दिवसांत बंदुकीपुढे उभं केलं गेलं. दुसरं खरं धरलं, तर लग्नाला गेलेली पोरं परत आली नाहीत. दोन्हीत पोरं मेलेलीच आहेत. बातम्यांमध्ये मात्र ‘चाळीस नक्षलवाद्यांचा खात्मा’ एवढंच मोठ्या अक्षरात राहिलं. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला शिकवतात की मथळ्यात आकडा आधी घ्या. त्या आकड्यात किती जण वर्षभरापूर्वी दहावीच्या बाकावर होते, हे शोधायला कुणी सहसा जात नाही.

‘चिवट’ म्हणून मोकळं होणं

अशा मुलांबद्दल लिहिताना एक शब्द हमखास येतो. चिवट. “काय जिद्द आहे बघा, एवढ्यातूनही शिकला!” मग त्याचा हसरा फोटो, पाच किलोमीटर चालत शाळेत जाणारी मुलगी, खाली टाळ्या. कौतुक खोटं नसतं. पण या कौतुकात एक सोय असते. मूल चिवट आहे म्हटलं की बाकीच्यांनी काही करायची गरज उरत नाही. जो टिकला त्याचा फोटो लागतो. जो सातवीतून गळाला, त्याचा फोटो काढायला कुणी थांबत नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी फार आधी वेगळी गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं की लहान मुलांना बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून, ओळखीच्या माणसांपासून तुटणं जास्त जखमी करतं. जवळचं माणूस शांत असेल तर मूल बरंच काही सोसू शकतं. पुढे अमेरिकेतल्या ॲन मास्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये मांडलं की संकटातून सावरणं ही काही निवडक मुलांची अद्भुत शक्ती नसते. ती साध्यासुध्या गोष्टींची जादू असते. भरवशाचं एक मोठं माणूस, नियमित शाळा, सोबती, आपल्याला काहीतरी जमतं हा अनुभव.

म्हणजे चिवटपणा मुलाच्या रक्तात शोधायचा नाही. तो त्याच्या भोवती आहे का ते पाहायचं. आणि भोवती नसेल, तर तो उभा करायला माणसं आणि पैसा लागतो. हे किती खरं आहे याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे.

वळिवड्याची पोलिश पोरं

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकललं होतं. थंडी, उपासमार आणि आजारपणात असंख्य माणसं मेली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात समझोता झाला, या लोकांना सोडण्यात आलं, आणि कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणमार्गे जगभर पांगली. काही मुलं जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला ठेवून घेतली. मोठी वसाहत मात्र आपल्या वळिवड्याला झाली.

त्या वसाहतीत काय होतं ते बघा. पोलिश भाषेत शिकवणाऱ्या शाळा होत्या. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होती, स्काउटच्या तुकड्या होत्या. तब्येत ढासळलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवायचे. आईबाप गमावलेल्या मुलांना सांभाळायला त्यांचीच भाषा बोलणारी मोठी माणसं होती. खर्चाची सोय लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने केली होती. युद्ध संपल्यावर ही मुलं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पोलंड अशी गेली, शिकली, संसाराला लागली. त्यातली काही जण म्हातारपणी, २०१९ मध्ये, कोल्हापूरला परत येऊन गेली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ती वसाहत रिकामी झाल्यावर तिथे फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित राहिले आणि तिचं गांधीनगर झालं. एका युद्धाची मुलं गेली, दुसऱ्या रक्तपाताची आली. जागा तीच.

वळिवड्याची गोष्ट आपण महाराष्ट्राच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यात एक यादीही लपलेली आहे. स्वतःच्या भाषेतली शाळा. पोटभर जेवण. दवाखाना. खेळ. आपली माणसं. ठरलेला खर्च. सैबेरियातून हाडं होऊन आलेली मुलं या यादीवर माणसात आली. मग पोलंडच्या मुलांना ऐंशी वर्षांपूर्वी मिळालेली यादी भामरागडच्या मुलाला आज पूर्ण मिळते का?

हेमलकशाने दाखवलेलं

काही ठिकाणी मिळाली, आणि तिचा परिणामही दिसला. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथेच राहिले, आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. सुरुवातीला मुलं यायची नाहीत, आली तर पळून जायची. तरी शाळा बंद झाली नाही. भोवती संघर्ष पेटला, तो चार दशकं चालला, तेव्हाही घंटा वाजत राहिली. त्या शाळेतून डॉ. कन्ना मडावी माडिया समाजातले पहिले डॉक्टर झाले. त्याच भामरागड तालुक्यातले लालसू नोगोटी पहिले माडिया वकील झाले आणि २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. ही नावं ‘अपवादात्मक हिरो’ म्हणून घेतलेली नाहीत. दार उघडं राहिलं तर आत येणारे असतातच, एवढंच ती सांगतात.

भाषेचा मुद्दा तर अजून सुटलेलाच नाही. घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी मराठी पुस्तक देतात. त्याला ती आपली भाषा नसतेच. राज्यघटनेचं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा, असं सांगतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषा वापरा म्हणतो. पण धानोरा तालुक्यातल्या मोहगावने २०१९ मध्ये ग्रामसभेच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवलं आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. वळिवड्यात पोलिश चालली, मोहगावात गोंडीला अडथळा. हे पटायला कठीण जातं.

बंदुका खाली आल्या, आता?

मागच्या काळात चित्र वेगाने बदललं. १ जानेवारी २०२५ ला तारक्का शरण आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या पॉलिटब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवून उभा राहिला. केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवायची मुदत जाहीर केली होती. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरीसारख्या भागात रस्ता आणि एसटी पोहोचली. सुरजागडचं लोखंड बाहेर निघतंय. हे सगळं चांगलं घडतंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलाच्या दृष्टीने गोळीबार थांबणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

पण इथेच एक घाई दिसते. बंदुका संपल्या म्हणजे प्रश्न संपला, आता रस्ता आणि कारखाना बाकीचं बघेल, असा सूर लागतो. गोळीबार थांबला म्हणून मुलाच्या आत साठलेलं थांबत नाही. रात्री कुत्रं भुंकलं की उठून बसणारी आई, बापाचं नाव कुणी विचारलं की गप्प होणारा मुलगा, ही माणसं कुठल्याच शरणागतीच्या यादीत नसतात. म्हणून तीन गोष्टी आत्ताच मागायला हव्यात.

पहिली, शाळा बंद करायच्या नाहीत. कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा विचार राज्याने २०२३ मध्ये पुढे आणला होता. शहरात हा हिशेब कदाचित बसेल. जंगलातल्या बारा पोरांच्या शाळेला तो लावला, तर त्या गावात सरकारची उरलेली एकमेव प्रेमळ खूण पुसली जाईल. त्या भागात पोलीस ठाणी पोहोचली, आता गुरुजीही तितक्याच नियमाने पोहोचले पाहिजेत. आणि पहिली-दुसरीला मुलाची भाषा येणारे गुरुजी पाहिजेत. स्थानिक शिकलेली पोरं नोकरीसाठी वणवण फिरत असताना हे अशक्य मुळीच नाही.

दुसरी, मनाच्या उपचारांची सोय. आश्रमशाळेत गणिताच्या सरांइतकाच समुपदेशक गरजेचा आहे, आणि तो त्यांची भाषा समजणारा असावा. शहीद पोलिसांची मुलं, मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची मुलं, नक्षल्यांची मुलं, सगळ्यांसाठी एकच सोय, एकाच छताखाली. कोणाचा बाप कोणत्या बाजूला होता, हे दारावर विचारायचं नाही.

तिसरी, अल्पवयात दलममध्ये ओढल्या गेलेल्यांना आधी मूल म्हणून पाहायचं. कायदा हेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ८३ मुलाला सशस्त्र गटात भरती करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगतं. गुन्हा भरती करणाऱ्याचा आहे. मुलांना लढाईत न ओढण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करारही भारताने २००५ मध्ये मान्य केला. आपलं सरकार या संघर्षाला ‘युद्ध’ म्हणत नाही, त्याला कायद्याची कारणं असतील. पण जंगलात सापडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्या व्याख्येने काय फरक पडतो?

इथे एक राग ऐकू येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. “ज्यांनी आमचे जवान मारले, त्यांच्या पोरांचे लाड कायले?” ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला हा राग करायचा अधिकार आहे. आपल्याला मात्र तो उसना घेऊन मिरवता येणार नाही. सहा वर्षांच्या मुलाने भूसुरुंग पेरलेला नसतो. आणि त्याला दूर लोटलं, तर पुढच्या वेळी त्याला जवळ घ्यायला कोण येईल, हे गेल्या चाळीस वर्षांनी पुरेसं दाखवलं आहे.

आपल्या हातातलं

शासनाने काय करावं हे सांगणं सोपं आहे. आपण भिवापूर, उमरेड, नागपूरच्या कॉलेजात बसलेले काय करू शकतो?

आपल्याच कॉलेजात किंवा शेजारी आदिवासी मुलांचं वसतिगृह असतं. २०१८ पासून तिथल्या जेवणाचे पैसे थेट खात्यात येण्याची पद्धत आली. त्या वर्षी तिच्याविरोधात पोरांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ‘स्वयम्’ योजनेचे पैसे मिळतात. हे पैसे उशिरा आले की पोरगा डबा बंद करतो, एक वेळ जेवतो आणि कुणाला सांगत नाही. न सांगायला तर तो लहानपणीच शिकलाय. वर्गातल्या कुणीतरी हे ओळखून प्राचार्यांकडे, प्रकल्प कार्यालयाकडे अर्ज घेऊन सोबत गेलं पाहिजे. एकट्याच्या अर्जाला जे उत्तर मिळत नाही, ते वीस जणांच्या सह्यांना मिळतं.

एनएसएसचं शिबिर दरवर्षी जवळच्याच गावात होतं, नाली साफ होते, फोटो निघतात. एखाद्या वर्षी ते एखाद्या आश्रमशाळेसोबत ठरवा. तिथे भाषण द्यायला जाऊ नका. वाचनाची पुस्तकं न्या, फुटबॉल न्या, आणि त्यांच्याकडून शिकून या. जंगलातल्या कुठल्या पानाची भाजी होते, हे त्यांना येतं, आपल्याला येत नाही. जानेवारी उजाडला की तिकडची कित्येक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पोरंही सोबत जातात, ऐन परीक्षेच्या आधी. आपल्याकडे मिरचीच्या सातऱ्यावर आईशेजारी बसून देठ खुडणारी लेकरं आपण पाहिलेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न भिवापूरकराला समजावून सांगायला नको.

मास कॉम, मराठी, समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी एवढं करावं. त्या मुलांच्या गोष्टी लिहिताना त्यांची परवानगी घ्या, चेहरा आणि गावाचं नाव उघड करून त्यांना अडचणीत आणू नका, आणि ‘जिद्दीची कहाणी’ लिहून मोकळं होऊ नका. शाळेला शिक्षक किती, एसटी किती वेळा येते, दवाखाना किती लांब, हेही त्याच बातमीत लिहा.

आणि जे आजच करता येतं, ज्याला ना जीआर लागतो ना निधी. पुढच्या वेळी वर्गात कुणी “ए नक्षली” अशी हाक मारली, तर हसू नका. तिथल्या तिथे सांगा, “त्याचं नाव आहे, नावाने बोलव.” थोडं अवघड वाटेल, मित्र म्हणतील, “तू कायले एवढा सिरीयस होतं बे?” होऊ द्या. त्या पोराने ज्या गोष्टी सोसून वर्गातला बाक गाठला, त्यापुढे एवढी अडचण आपण सोसू शकतो.